घड पिकेपर्यंत

गेल्या मार्चमध्ये माझी भाची इंदूरहून आली ती डोक्यावर तंबू घेतलेली गाडी घेऊन. टपावर मोठी काळी पेटी, मागच्या दाराला शिडी, बाजूला बांधलेल्या दोन केशरी फळ्या आणि बॉनेटशेजारून वर गेलेलं एक नळकांडं. बऱ्हाणपुरातल्या आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागतं, तिथे हे धूड शिरलं. शेजारचे लोक पॉवरलूम थांबवून बघायला आले. मी दारातूनच विचारलं, "कुठल्या लढाईला निघालीस?"

"आत्या, हा ओव्हरलँडिंगचा सेटअप आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बघ, कुठं पोचायचं म्हणून नाही निघायचं. रास्ता ही सब कुछ है. झोपायचं, खायचं, पाणी, सगळं गाडीत. हॉटेल नाही, बुकिंग नाही, कुणावर डिपेंड नाही राहायचं. जिथं छान वाटलं तिथं थांबून जायचं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे दुसरं कुणी मला शिकवायला लागलं की मला राग येतो, हा माझा जुना दोष. मी म्हटलं, "हे आम्ही चाळीस वर्षांपूर्वी करत होतो. फक्त त्याला नाव नव्हतं."

आई आत लसूण सोलत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "नाव कसं नव्हतं? तुझे बाबा 'गाडी काढू' म्हणायचे. आणि मी त्याला वनवास म्हणायची."

वनवास म्हणायची खरी, पण बाबांनी 'गाडी काढू' म्हटलं की दारात सगळ्यात आधी तिचीच पिशवी येऊन पडायची.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावात त्यांनी एक जुनी जीप घेतली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. तिला दारं नव्हती, कॅनव्हासचे पडदे होते. हॉर्न कधी वाजायचा आणि कधी नाही याचा काही नेम नव्हता. पण बाबांचं म्हणणं असं की नकाशा फळ्यावर काढायचा आणि नदी एकदाही पाहायची नाही, ही मुलांची फसवणूक आहे. त्या मुलांना काही ते जीपमध्ये घेऊ शकत नव्हते, म्हणून आम्हाला घ्यायचे. दिवाळीची सुट्टी लागली की एकदा आणि उन्हाळ्यात एकदा.

भाचीने गाडीचं मागचं दार उघडून एकेक कप्पा ओढून दाखवला. हा फ्रिज, हा सोलरचा बॅटरीबॉक्स, ही बाहेर सरकणारी ओट्यासारखी फळी, तिच्यावर गॅस. मी प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचं ठरवलं होतं. फ्रिजच्या जागी आमच्याकडे कॅनव्हासची पाण्याची पिशवी होती, पुढच्या बंपरला लटकवलेली. वाऱ्याने तिच्यातलं पाणी इतकं गार व्हायचं की दात ठणकायचे. गॅसच्या जागी वातीचा स्टोव्ह. केशरी फळ्या कशाला, तर चाक रुतलं की खाली घालायला. आम्ही गोणपाट घालायचो. ते पुरलं नाही की बाबा आईच्या वळकटीकडे बघायचे आणि आई म्हणायची, "माझ्या गोधडीला हात लावायचा नाही."

एक गोष्ट मात्र भाचीची आणि आमची अगदी उलटी होती. ती म्हणते कुणावर अवलंबून राहायचं नाही. आम्हीही सगळं बरोबर घ्यायचो, कळण्याच्या पिठापासून दराब्याच्या मिठाईच्या डब्यापर्यंत. पण संध्याकाळ झाली की बाबा गाडी गावाबाहेर थांबवून चालत आत जायचे आणि पहिला जो माणूस भेटेल त्याला विचारायचे, "आम्ही इथे मुक्काम केला तर चालेल का?" चालणार नाही असं कधीच कुणी म्हणालं नाही. मग कुणी दूध आणायचं, कुणी खाट. आई तिथल्या बायकांशी पाच मिनिटांत अशी बोलायला लागायची की जणू मागच्याच वर्षी भेटल्या होत्या. शाळेच्या पडवीत, देवळाच्या ओट्यावर, कधी नदीच्या वाळूत ताडपत्री टाकून आम्ही झोपलो आहोत. माझा धाकटा भाऊ, या भाचीचा बाप, तर जीपच्या मागच्या बाकाखेरीज कुठे झोपायलाच तयार नसायचा.

आमच्या प्रवासाला दोन नियम होते, एक आईचा आणि एक बाबांचा.

आईचा नियम इच्छापूरचा. जायचं खंडव्याकडे असो की आणखी कुठे, गाडी आधी उलट्या दिशेला इच्छापूरला न्यायची. पायऱ्या चढून देवीपुढे नारळ फोडायचा, मग परत बऱ्हाणपुरात येऊन, आमच्याच गल्लीच्या तोंडावरून, खऱ्या प्रवासाला लागायचं. सकाळी आम्हाला निरोप दिलेले शेजारी काही तासांनी आम्हाला पुन्हा जाताना बघायचे आणि पुन्हा हात हलवायचे. बाबा दर वेळी कुरकुर करायचे आणि दर वेळी नारळ तेच निवडून घ्यायचे.

बाबांचा नियम केळ्यांचा. निंबोल्याला मामांचा मळा होता. निघायच्या आदल्या दिवशी बाबा तिथून एक हिरवागार कच्चा घड कापून आणायचे आणि जीपच्या टपाच्या सळईला लोखंडी आकड्याने लटकवायचे. घड वरून खाली पिकत जातो. आज वरची फणी पिवळी, उद्या तिच्या खालची. पिकेल ती खायची. आणि शेवटची फणी पिवळी दिसली की गाडीचं तोंड घराकडे. मग कुठेही असो. अर्ध्या वाटेत असो, की समोर दोन कोसांवर किल्ला दिसत असो. बाबा म्हणायचे, माणसाला कधी परतायचं ते समजत नाही, केळ्याला समजतं. त्यातली सोय अशी की परतीच्या वाटेवर खायला पिकलेली केळी असायची.

भाचीने हे ऐकलं आणि ती एकदम गंभीर झाली. "आत्या, हे तर आमच्यात पण आहे. अर्धं पाणी संपलं की टर्न अराउंड. नो डिस्कशन."

"तुमचं पाणी तरी शहाणं," आई म्हणाली. "त्या केळ्यांनी मला तापीमाय नाही पाहू दिली."

मी उठून चहा ठेवायला आत गेले. हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकत होते आणि चाळीस वर्षं ते सुरू झालं की मला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं.

ते काय होतं ते आता सांगते.

मी आठवी पास झाले त्या उन्हाळ्याची गोष्ट. आई तापीच्या काठची, तापीच्या काठीच दिलेली. रोज राजघाटावर ती नदी बघायची, पण ती येते कुठून ते तिने पाहिलं नव्हतं. तिने आयुष्यात बाबांकडे मागितलेली ती एकच वाट होती: नदीच्या बाजूबाजूने वर जायचं, थेट मुलताईपर्यंत, जिथे तापी निघते. बाबा खूश झाले. भूगोलाच्या मास्तराला बायकोने नदीचा उगम मागावा, याहून मोठं काय असणार. त्यांनी निंबोल्याहून चांगला मोठा घड आणला. आम्ही आधी रीतसर उलटे इच्छापूरला गेलो, मग खकनारच्या वाटेला लागलो.

मी मात्र घुश्शात होते, कारण आखाजी तोंडावर होती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि आमच्या भागातल्या मुलींची ती दिवाळीच. कडुलिंबाच्या फांद्यांना दोर टाकून झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि दिवसभर कुणी मुलींना काम सांगत नाही. माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं लग्न त्याच महिन्यात ठरलं होतं, म्हणजे तिची ती माहेरची शेवटची आखाजी. आम्ही दोघींनी एका झोक्यावर उभं राहून झोका चढवायचा असं ठरलेलं. आणि मी चालले होते जंगलात, नदी कुठून निघते ते बघायला. मी बाबांना काही बोलले नाही. आमच्या घरात तेव्हा मुली काही बोलत नसत.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नदीकाठच्या एका वाडीपाशी थांबलो होतो. तिथल्या एका बाईने आईला दोन पिकलेले आंबे दिले, झाडावर पिकलेले, वासाने जीप भरून गेली. आता आमच्याकडे आखाजीच्या आधी आंबा खात नाहीत. त्या दिवशी पितरांची घागर भरायची, रसाचा नैवेद्य दाखवायचा, मग घरच्यांनी तोंडाला लावायचा. आई या बाबतीत पक्की. तिने आंबे फडक्यात बांधून बाजूला ठेवले, म्हणाली, मुलताईला पोचून तिथेच आखाजी करू, तापीमायच्या पाण्याने घागर भरू.

केळीच्या मुलखातल्या पोरीला घड कसा पिकवायचा ते शिकवावं लागत नाही. कच्च्या फळात पिकलेलं फळ घालायचं आणि हवा बंद करायची. सगळे नदीवर आंघोळीला गेले, मी डोकं दुखतं म्हणून मागे राहिले. दोन्ही आंबे मी घडाच्या मधल्या फण्यांत खुपसले, पडू नयेत म्हणून माझी शाळेची लाल रिबीन सोडून तिने बांधले, आणि सगळा घड गोणपाटाने घट्ट गुंडाळला. कुणी विचारलं तर धूळ बसते म्हणून, असं उत्तरही तयार ठेवलं. बाबांनी विचारलं. मी उत्तर दिलं. ते म्हणाले, शाबास.

दोन दिवसांनी बैतूल अजून पुढेच होतं, मुलताई तर त्याच्याही पलीकडे. संध्याकाळी बाबांनी गोणपाट सोडलं तर घड वरपासून खालपर्यंत पिवळा, मधल्या फण्यांवर तर काळे ठिपके. मी शेजारीच उभी होते. आई चूल मांडत होती. बाबांनी मधल्या फण्यांमध्ये बोटं घातली. दबलेले दोन आंबे बाहेर आले आणि त्यांच्यामागे माझी रिबीन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "आखाजी परवा आहे, नाही का?"

मी मान हलवली.

त्यांनी रिबीन सदऱ्याच्या खिशात घातली, खाली उतारावर जाऊन आंबे नदीत टाकले, आणि परत येऊन आईला सांगितलं, "घड पिकला. उद्या सकाळी माघारी."

आईला आधी ती चेष्टा वाटली. मग ती भांडली, मग रडली. म्हणाली, एवढी एक गोष्ट मागितली, आणि तुम्ही केळ्यांचं ऐकता. बाबा म्हणाले, नियम म्हणजे नियम. थोड्या वेळाने तिला आंबे आठवले. तिने फडकं उलटंपालटं केलं, पिशवी झटकली. "आंबे कुठं गेले?"

"मी खाल्ले," बाबा म्हणाले.

आखाजीच्या आधी. पितरांच्या आधी. आई त्यावर एक शब्द बोलली नाही, आणि घरी येईपर्यंत बोलली नाही.

मी आखाजीला पोचले. झोका चढवला, खूप उंच चढवला. मैत्रीण खिदळत होती आणि मी प्रत्येक झोक्याला आमच्या घराच्या दाराकडे बघत होते. तिचं लग्न होऊन ती मलकापूरला गेली. कितीतरी वर्षं झाली, आमची भेट नाही. रिबीन हरवली म्हणून आईने मला दोन धपाटे घातले, ते मी मुकाट्याने खाल्ले.

पुढच्या वर्षी जीपचं इंजिन बसलं आणि बाबांनी ती जसोंदीच्या एका शेतकऱ्याला विकून टाकली. आकडा तेवढा मी काढून ठेवला. त्यानंतर बाबा कितीदा म्हणाले, बसने जाऊ, रेल्वेने जाऊ, मुलताई काही परदेशात नाही. आई म्हणायची, आता नको. ठरलं होतं नदीच्या बाजूने जायचं, जाईन तर तशीच. हट्टात दोघंही एकमेकांना भारी होते. आणि घरात जरा काही झालं, बाबा बाजारातून कोथिंबीर विसरून आले तरी, गाडी केळ्यांवर यायची. बाबा हसायचे. शेवटच्या आजारपणात ते एकदा तिला म्हणाले, "बरा झालो की मुलताईला जाऊ." ती म्हणाली, "तोवर पिकतील तुमची केळी." ते हसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी औषधाची बाटली हलवत बसले. आठवड्याभरात ते गेले.

त्यानंतर दर आखाजीला आई त्यांच्या नावाने घागर भरते. नैवेद्याची वाटी ठेवते आणि म्हणते, "घ्या, आता उघड खा." आलेगेले हसतात. मी हसत नाही. आठ वर्षं मी ते वाक्य ऐकत होते, आणि दर वर्षी ठरवत होते की पुढच्या वर्षी सांगू.

तर भाचीने हे सगळं, म्हणजे आईला माहीत होतं तेवढंच, आईकडून ऐकलं आणि म्हणाली, "आजी, चलते हैं ना. एप्रिलमध्ये मी सुट्टी टाकते. नदीच्या बाजूबाजूनं. पूरा."

आई एकोणऐंशीची आहे. ती नाही म्हणेल अशी माझी खात्री होती, खरं सांगायचं तर आशा होती. ती म्हणाली, "घड लागेल."

इंदूरहून भावाचा फोन आला, या वयात कशाला म्हणून. आईने त्याला सांगितलं, "तू पण ये, नाहीतर फोन ठेव." त्याने फोन ठेवला. निंबोल्याहून मामेभावाने घड पाठवला. हल्लीचे घड एवढे मोठे की एकट्याला उचलवत नाहीत, म्हणून मुद्दाम लहान निवडायला सांगितला होता. मी माळ्यावरून आकडा काढला. भाचीचं तोंड उतरलं. "आजी, केळीचा चीक सीटला लागला तर जात नाही."

"मग सीट काढ," आई म्हणाली.

इच्छापूरला आईला पायऱ्या चढवल्या नाहीत. तिने खालूनच हात जोडले, आणि भाची नारळ घेऊन वर पळत गेली. परत गल्लीच्या तोंडावरून जाताना शेजाऱ्यांनी दुसऱ्यांदा हात हलवले तेव्हा भाची म्हणाली, "ये सच में करते थे तुम लोग?" मला एकाएकी इतका आनंद झाला की मीही काच खाली करून हात हलवायला लागले.

ते चार दिवस चांगले गेले, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं त्यातच आलं. नदी कधी डावीकडे दिसायची, कधी सागाच्या झाडांमागे नाहीशी व्हायची. भाची मोबाइलवरच्या नकाशात थांबायची जागा शोधायची आणि आई काच खाली करून रस्त्यावरच्या माणसाला विचारायची. दर वेळी आईची जागा चांगली निघाली. दुसऱ्या संध्याकाळी आईने टपावरच्या तंबूत चढायचं ठरवलं. मी खालून धरलं, भाचीने वरून ओढलं, चांगला चहा होईल एवढा वेळ लागला. वर जाऊन ती मांडी घालून बसली. म्हणाली, "इथून तापी दिसते. ते असते तर खाली नसते उतरले." मग तिने पहिली पिकलेली फणी मागवली आणि वरूनच आम्हाला केळी वाटली.

बाबांना या गाडीचा तो फ्रिज आवडला नसता, पण तंबू फार आवडला असता. ओव्हरलँडिंग म्हणजे काय ते मला आता भाचीने सांगायची गरज राहिली नव्हती. कुणी वाट बघत नाही आणि उशीर कशालाच होत नाही, अशा ठिकाणी घरच्या माणसांबरोबर थांबता येणं. मला ते आयुष्यात फक्त त्या जीपने दिलं होतं, आणि मीच ते अर्ध्यात मोडलं होतं.

मुलताईला आम्ही आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी पोचलो. बेत असा की दर्शन घ्यायचं, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सरळ रस्त्याने निघून दुपारपर्यंत घरी, घागर भरायला. भाची गाडीपाशी थांबली. आई आणि मी कुंडाच्या पायरीवर बसलो. आईने पाण्यात पाय सोडले.

"एवढीशीच आहे," ती म्हणाली. "आपल्या राजघाटावर केवढी असते." मग डोक्यावर पदर घेऊन, समोर कुणी बसलंय अशी बोलली, "पाहिली हो तापीमाय. तुमच्या केळ्यांनी नाही दाखवली, नातीनं दाखवली."

"आई," मी म्हटलं, "ती केळी मी पिकवली होती."

एकदा सुरुवात झाल्यावर मी थांबले नाही. झोका, मैत्रीण, आंबे, गोणपाट, सगळं सांगितलं. बाबांना सापडलं तेही. माझं वय पंचावन्न आणि आवाज आठवीतल्या मुलीचा.

आई माझ्याकडे वळली नाही. पाण्याकडे बघत तिने विचारलं, "रिबीन लाल होती का?"

"हो."

"ती हरवली म्हणून मी मारलं होतं तुला."

"हो."

"आणि आंबे?"

"नदीत टाकले त्यांनी."

"खाल्ले नाही?"

"नाही, आई. चाखलेसुद्धा नाहीत."

तिने पाय पाण्याबाहेर काढले, पदराने पुसले. "म्हणजे तुझ्यासाठी माघारी फिरले," ती म्हणाली, "आणि बोलणी माझी खाल्ली." मी उठवायला हात पुढे केला तो तिने घेतला नाही. पायरीला हात टेकत एकटीच उठली. तो सगळा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाचीला म्हणायची, "सांग तुझ्या आत्याला, सरकून बस." भाची आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघायची आणि मला खुणेने विचारायची, क्या हुआ? मी मान हलवायची. मला हलकं वाटेल असं मी समजत होते. तसं काही झालं नाही. उलट वाटत होतं, तेव्हा त्यांना बोलणी खायला लावली आणि आता त्यांनी जपलेलं गुपितही उघडं केलं.

सकाळी निघायची वेळ झाली तरी आई गाडीत बसेना. तिने भाचीला बाजारात पिटाळलं, लहान घागर, तिच्यावर ठेवायला डांगर म्हणजे खरबूज, आणि आंबे आणायला. मग आम्ही गावाबाहेर, जिथे तापी अजून एका उडीत ओलांडता येईल एवढी आहे, तिथे एका झाडाखाली थांबलो. पाट नव्हता. आईने इकडेतिकडे पाहिलं आणि गाडीच्या बाजूची ती केशरी फळी काढायला लावली. फळी धुऊन तिच्यावर घागर ठेवली, घागरीत तापीचं पाणी, वर डांगर. भाचीने बाहेर सरकणाऱ्या ओट्यावर रस काढला. आईने वाटी भरली आणि शेजारी न कापलेले दोन आंबे ठेवले.

मी खाली मान घालून उभी होते. दर वर्षीचं वाक्य यायची वाट बघत होते.

आईने हात जोडले. मग म्हणाली, "एकदा तरी म्हणायचं होतं, नाही खाल्ले म्हणून. मी काय तुम्हाला इतकी नाही ऐकून घेणारी वाटली?"

तिने डोळे पुसले, वाटीवर पाणी फिरवलं, आणि त्या दोन आंब्यांतला एक उचलून माझ्या हातात दिला. मी तो तिथेच, उभ्याउभ्या, सालीसकट खाल्ला आणि खाताना रडले. भाचीने हात धुवायला पाणी आणून दिलं.

आवरून झालं. भाचीने मोबाइलवर घरचा रस्ता लावला, त्यातली बाई हिंदीत बोलायला लागली. आई मागच्या सीटवर बसली, वर लटकलेल्या घडाकडे पाहिलं, आणि खालच्या फण्या हाताने दाबून बघितल्या.

"त्या बाईला गप कर," ती म्हणाली. "अजून दोन फण्या हिरव्या आहेत. घरी कसं जाऊन राहिलो आपण?"

मग कालपासून पहिल्यांदाच तिने सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "त्यांना अजून कुठं जायचं होतं ग?"